थ्राइव्ह: केंद्रक घेताच प्रजाती मरते, त्याचं निदान आणि इलाज

थ्राइव्ह या संगणक खेळात आपण एका पेशीची प्रजाती वाढवतो, आणि ती मरते तेव्हा लक्षणं सगळ्यांची जवळपास सारखीच असतात. पहिल्या काही पिढ्या मजेत जातात. समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी एका षटकोनाची पेशी जन्माला येते, ग्लुकोजचे ढग खात फिरते, अमोनिया आणि फॉस्फेट साठवते, दुप्पट होते, एडिटर (पेशीची रचना बदलायचं पान) उघडतो, आपण एखादा भाग जोडतो आणि पुन्हा पाण्यात. मग केव्हातरी केंद्रक घ्यायचं ठरतं, कारण पुढचे बहुतेक भाग त्याच्यामागे कुलूपबंद असतात. केंद्रक बसतं, पेशी अवाढव्य होते, आपण खूश होऊन बाहेर पडतो आणि बघता बघता एटीपीची, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची, पट्टी तळाला जाते. पेशी जागची हलेना होते, समोर दिसणाऱ्या ढगापर्यंत पोचायच्या आत तिचा जीव जातो. दुसरी पेशी मिळते, तिचीही तीच गत. प्रत्येक मरणागणिक लोकसंख्या घटते आणि शेवटी प्रजाती नामशेष झाल्याची पाटी झळकते.

यावर लोक साधारण दोन उपाय करून बघतात. एक, आणखी कशाभिका (पोहायच्या शेपट्या) जोडायच्या, म्हणजे ढगापर्यंत लवकर पोचता येईल. दोन, काठिण्यपातळी खाली आणायची. पहिल्याने खर्च वाढतो आणि मरण आणखी जवळ येतं. दुसऱ्याने ते दोन-तीन पिढ्या लांबतं, इतकंच. एडिटरच्या ज्या फेरीत केंद्रक घेतलं त्या फेरीत चूक शोधण्यात अर्थ नाही, ती त्याच्या बऱ्याच आधी झालेली असते. आपल्या प्रजातीचं पोट नेमकं कशावर भरणार, हे ठरवलेलंच नसतं. जे दिसेल ते खाल्लं, जे आवडेल ते जोडलं, आणि तोवर पेशी लहान असल्यामुळे ते चालून गेलं.

ज्यांनी हा खेळ अजून उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थ्राइव्ह हा रिव्होल्युशनरी गेम्स स्टुडिओ नावाच्या, मुख्यतः स्वयंसेवकांवर चालणाऱ्या गटाचा मुक्तस्रोत खेळ आहे. गोडो इंजिनवर बनतो, गिटहबवरून फुकट उतरवता येतो आणि स्टीमवर विकतही मिळतो. खरा भरीव भाग आजघडीला सूक्ष्मजीवांच्या टप्प्याचा आहे, बहुपेशीय टप्पा अजून घडतो आहे. आवृत्त्या सतत येत असल्यामुळे किमती आणि आकडे थोडेफार हलतात. म्हणून खाली आकडे मोजकेच दिले आहेत. तुमच्या आवृत्तीतला नेमका आकडा भागावर माऊस नेला की दिसतोच.

2008 च्या स्पोअरवरून इकडे आलेल्यांना हा त्रास जास्त होतो, असं माझं निरीक्षण आहे. स्पोअरमध्ये पेशीच्या टप्प्यात शाकाहारी की मांसाहारी एवढं सुरुवातीला निवडायचं, पुढे तोंड बदललं की आहार बदलला. मेलात तर नवी पेशी मिळते आणि त्याची किंमत जवळजवळ शून्य. तिथे भाग म्हणजे बक्षीस. थ्राइव्हमध्ये प्रत्येक भागाचं भाडं चालू होतं आणि ते दर सेकंदाला एटीपीत भरावं लागतं.

एटीपीची पट्टी नीट वाचा

एडिटरमध्ये पेशीच्या रचनेच्या पानावर एटीपीच्या दोन पट्ट्या असतात, एक उत्पादनाची, एक खर्चाची. खर्चाच्या पट्टीत तुकडे दिसतात. त्यातला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा ऑस्मोरेग्युलेशनचा, म्हणजे पेशीतलं पाणी आणि क्षार यांचा तोल सांभाळण्याचा. हा खर्च पेशीच्या आकारावर ठरतो, जितके षटकोन जास्त तितका तो जास्त. पेशी स्थिर उभी असली तरी तो थांबत नाही. दुसरा तुकडा हालचालीचा, तोही आकाराबरोबर वाढतो. कशाभिकांचा खर्च वेगळा लागतो.

आता खरी मेख. उत्पादनाची पट्टी जो आकडा दाखवते तो पेशीला सगळा कच्चा माल मिळतो आहे असं धरून काढलेला असतो. ग्लुकोज जाळणारे चार भाग बसवलेत तर पट्टी त्या चौघांचं पूर्ण उत्पादन मोजते, पेशीत ग्लुकोजचा एक कणही नसला तरी. म्हणून एडिटरमध्ये सगळं हिरवंगार दिसतं आणि बाहेर आल्यावर पेशी उपाशी मरते. ‘पट्टीत तर एटीपी शिल्लक दाखवत होती, मग मेली कशी?’ हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांचं उत्तर इथे आहे. पट्टी यंत्राची क्षमता सांगते. यंत्रात घालायला माल किती येतो, हे पॅचच्या, म्हणजे आपण राहतो त्या परिसराच्या, माहितीत बघावं लागतं.

तेव्हा तपासणी दोन टप्प्यांत करा. आधी पट्टी बघा, पेशी हलत असतानाही उत्पादन खर्चाच्या वर राहतं का. मग पॅचच्या नकाशावर जाऊन आपल्या पॅचमध्ये प्रकाश किती, ऑक्सिजन किती, हायड्रोजन सल्फाइड किती, लोह किती, ग्लुकोज किती ते बघा. तुमची उत्पादनाची पट्टी ज्या मालावर उभी आहे तो माल त्या यादीत तळाला असेल, तर केंद्रकाचा विचार त्या पॅचमध्ये करूच नका.

ग्लुकोजबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण सर्वांत जास्त प्रजाती याच वाटेवर मरतात. पाण्यात मोफत तरंगणारं ग्लुकोज पिढ्यागणिक कमी होत जातं. खेळाची ती मूळ रचनाच आहे. नवा खेळ सुरू करताना या घटीचं प्रमाण सेटिंगमध्ये बदलता येतं, पण मूळ सेटिंगवर ते नक्की घटतं. सुरुवातीला ढग मुबलक म्हणून आपण ढगखाऊ पेशी घडवतो, आणि केंद्रक घ्यायची वेळ येते नेमकी तेव्हाच ढग विरळ झालेले असतात. ढग खाणं हा मार्ग नाही, ती खर्चायला मिळालेली उचल आहे. ती संपायच्या आत स्वतःची कमाई सुरू व्हायला हवी.

केंद्रक एवढं महाग का पडतं

एडिटरच्या प्रत्येक फेरीत भाग जोडायला आपल्याला 100 उत्परिवर्तन गुण मिळतात. केंद्रक त्यातला मोठा वाटा एकटंच खातं, इतका की सर्वसाधारण काठिण्यपातळीवर त्याच फेरीत तंतुकणिका (ऑक्सिजन वापरून ग्लुकोजचं एटीपी करणारा भाग) बसवायला पुरेसे गुण उरत नाहीत. म्हणजे निदान एक आख्खी पिढी तुम्हाला केंद्रक असलेल्या पण तंतुकणिका नसलेल्या पेशीत काढायची आहे. खर्च केंद्रकवाल्या पेशीचा, कमाई जिवाणूची. जवळपास सगळे मृत्यू याच एका पिढीत होतात.

शिवाय केंद्रक आकाराने दहाएक षटकोनांचं आहे. लहान पेशीला ते जोडलं की ऑस्मोरेग्युलेशनचा खर्च एका झटक्यात दुप्पट-तिप्पट होतो आणि वेग पडतो. आणि पुनरुत्पादनासाठी पेशीतले सगळे भाग दुप्पट व्हावे लागतात, त्यात केंद्रकही आलं. त्यामुळे अमोनिया आणि फॉस्फेट पूर्वीपेक्षा खूप जास्त लागतं. महाग पेशी जास्त वेळ जगवायची, असा दुहेरी पेच. आणि एकदा घेऊन बाहेर पडलात की केंद्रक काढता येत नाही. म्हणून एडिटरमधून बाहेर पडण्याआधी वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, त्याला पर्याय नाही.

तंतुकणिकेची एवढी वाट का बघायची, याचं उत्तर खऱ्या जीवशास्त्रात आहे आणि खेळाने ते बऱ्यापैकी प्रामाणिकपणे उचललं आहे. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजचं नुसतं विघटन केलं तर एका रेणूमागे निव्वळ 2 एटीपी हाती लागतात. तंतुकणिकेत ऑक्सिजन वापरून पूर्ण ज्वलन झालं तर साधारण 30 ते 32. जुन्या पाठ्यपुस्तकांत हा आकडा 38 असा असायचा, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो परीक्षेत लिहून गुणही मिळवलेत. खेळातलं गुणोत्तर अगदी हेच नाही, पण दिशा तीच. पेशीद्रव्यावर चालणारी पेशी केंद्रकाचं भाडं भरू शकत नाही, तंतुकणिकेवर चालणारी भरू शकते.

पण तंतुकणिकेलाही अट आहे. तिचा वेग पॅचमधल्या ऑक्सिजनवर ठरतो. ऑक्सिजन कमी असलेल्या पॅचमध्ये तंतुकणिका बसवून ‘काही फरकच पडला नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी तो आकडा बघितलेलाच नसतो. पृथ्वीवरही क्रम असाच होता. हवेत ऑक्सिजन साठायला सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी सुरुवात झाली, ती सायनोबॅक्टेरियांच्या प्रकाशसंश्लेषणामुळे, आणि तंतुकणिकावाल्या पेशींचं राज्य त्यानंतरचं. तंतुकणिका ही मुळात दुसऱ्या पेशीने आत घेतलेला स्वतंत्र जिवाणू होता, ही मांडणी लिन मार्ग्युलिस यांनी 1967 च्या निबंधात जोरकसपणे केली. खेळाच्या नव्या आवृत्त्यांत त्याचीही सोय आहे: एखादी प्रजाती पुरेशा वेळा गिळली की तिच्यापासून पेशीतला भाग मिळवता येतो. गुण वाचवायचा हा चांगला रस्ता आहे, पण आधी गिळता यायला हवं. त्याकडे पुढे येतो.

मार्ग कोणता धरायचा

उष्ण झऱ्यांपाशी सुरुवात झाली असेल तर हायड्रोजन सल्फाइडचा मार्ग सर्वांत जवळचा. रासायनिक संश्लेषण करणारी प्रथिनं सल्फाइडपासून ग्लुकोज बनवतात, ते ग्लुकोज पेशीतच जळतं, प्रकाशाची गरज नाही. 1977 मध्ये गालापागोस बेटांजवळच्या समुद्रतळावर अल्विन पाणबुडीतून असे झरे पहिल्यांदा बघितले गेले, तेव्हा सूर्यप्रकाशाशिवाय अख्खी परिसंस्था चालते हे जगाला कळलं. खेळात या मार्गाची अडचण एकच: सल्फाइडचे ढग झऱ्यांपाशी दाट, लांब गेलं की विरळ. त्यामुळे सल्फाइडवाल्याने केंद्रक झऱ्यांपाशीच घ्यायचं आणि तंतुकणिका बसेपर्यंत तिथून हलायचं नाही. केंद्रक आणि स्थलांतर एकाच फेरीत करणारे हटकून मरतात.

लोहाचा मार्ग मला सगळ्यात कमी लेखलेला वाटतो. रस्टिसायनिन नावाचं प्रथिन लोहापासून थेट एटीपी काढतं, मध्ये ग्लुकोजचा टप्पाच नाही. हे प्रथिन खेळाने कल्पनेतून आणलेलं नाही. ॲसिडिथिओबॅसिलस फेरोऑक्सिडन्स या जिवाणूत ते खरोखर असतं, आणि खाणीतल्या कमी प्रतीच्या खनिजातून तांबं सोडवायला हाच जिवाणू वापरतात. खेळात लोहाचे मोठे खडे पाण्यात तरंगत असतात, त्यांच्यातून लोह पाझरत असतं. पेशीने खड्याला चिकटून बसायचं. हलायचंच नसल्यामुळे हालचालीचा खर्च जवळजवळ शून्य, आणि केंद्रकानंतरच्या त्या कठीण पिढीत नेमकं तेच हवं असतं. खडा शोधून काढेपर्यंत जी दमछाक होते तेवढीच. फक्त लक्षात ठेवा, अमोनिया-फॉस्फेटसाठी खड्यापासून दूर जावं लागतं. तेव्हा साठा भरून निघा आणि अर्धा संपला की परत फिरा.

प्रकाशाच्या मार्गावर सगळ्यात जास्त लोक जातात आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. पहिला गोंधळ असा की थायलॅकॉइड, म्हणजे प्रकाशावर चालणारे जिवाणूंचे भाग, एटीपी बनवतात असं समजलं जातं. ते ग्लुकोज बनवतात. ग्लुकोजचं एटीपी करायला वेगळी यंत्रणा लागते, आधी मेटाबोलोसोम, केंद्रकानंतर तंतुकणिका. पेशी थायलॅकॉइडने भरून टाकली तर ग्लुकोजचा साठा ओसंडून वाहतो आणि एटीपी मात्र तळाला. खेळताना ग्लुकोज भरलेलं आणि एटीपी रिकामं दिसलं, तर दुखणं हेच. एक-दोन थायलॅकॉइड काढून तिथे मेटाबोलोसोम बसवा.

दुसरा गोंधळ जास्त फसवा आहे. केंद्रक आल्यावर लोक उत्साहाने थायलॅकॉइड काढून त्याजागी हरितलवकं बसवतात, कारण हरितलवक वरच्या दर्जाचं. आणि एटीपी आणखी घसरतं. कारण असं, की थायलॅकॉइडसारखे जिवाणूंचे भाग पेशीद्रव्यातच तरंगत असतात, त्यामुळे त्यांच्याभोवतीचं द्रव्य थोडंफार ग्लुकोज जाळून एटीपी देत असतं. भागाच्या माहितीत ते लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही. हरितलवक फक्त ग्लुकोज बनवतं. थायलॅकॉइड काढलात की त्यांच्याबरोबर ते छुपं एटीपीही गेलं. म्हणून क्रम असा ठेवा: केंद्रक, मग तंतुकणिका, एटीपी सुस्थितीत आलं की मग हरितलवक, आणि थायलॅकॉइड एकेक करून काढायचे. सल्फाइडवाल्यांनाही केमोप्लास्ट (सल्फाइडवर चालणारा वरच्या दर्जाचा भाग) घेताना हाच नियम लागू.

तिसरी गोष्ट रात्र. दिवस-रात्रीचं चक्र चालू असेल तर रात्री उत्पादन थांबतं, खर्च थांबत नाही. दिवसभर ठणठणीत असलेली पेशी रात्री मरते ती साठा पुरत नाही म्हणून. रिक्तिका, म्हणजे साठवणीच्या पिशव्या, जोडल्या की साठवण वाढते. प्रकाशवाल्या प्रजातीने केंद्रकाच्या आधीच्या फेरीत साठवण वाढवलीच पाहिजे असं मी म्हणेन. एक रात्र जागेवर उभं राहून काढता येते का, हे केंद्रकाआधी खेळून बघा. ती निघत नसेल तर केंद्रकानंतरची रात्र निघणं शक्य नाही. आणि पॅचचा प्रकाश बघायला विसरू नका. पृष्ठभागाजवळ तो भरपूर, खाली जाल तसा झपाट्याने कमी, खोल समुद्रात शून्य. झऱ्यांपाशी सुरुवात करून थायलॅकॉइड जोडणारे आणि ‘हे चालत का नाही’ विचारणारे दरवेळी सापडतात. दोन-तीन पॅच वर सरकल्याशिवाय ते चालणार कसे?

शिकारीचा मार्ग केंद्रकाला खरं तर सर्वांत जवळचा, कारण गिळायला मोठा आकार लागतो आणि केंद्रक आकार देतं. पण इथे दोन कुलपं आहेत. पेशीला सेल्युलोज किंवा कायटिनची भिंत असेल तर गिळताच येत नाही. ऑस्मोरेग्युलेशन स्वस्त पडतं म्हणून भिंत घेतलेली असते आणि मग शिकारी व्हायचं ठरतं, तेव्हा आवरण बदलावं लागतं. दुसरं कुलूप पचनाचं. भिंतवाल्या पेशी गिळल्या तरी योग्य विकराशिवाय (पचन घडवणाऱ्या प्रथिनाशिवाय) पचत नाहीत. लयकारिका हा पचनाचा भाग जोडून तिचं विकर बदलता येतं, सेल्युलोजच्या भिंतीला सेल्युलेझ, कायटिनच्या भिंतीला कायटिनेझ. शिकार आत गेली आणि एटीपी हललं नाही, तर आधी शिकारीचं आवरण कोणतं होतं ते बघा. आपल्याहून पुरेशी लहान पेशीच गिळता येते, हे तर आहेच.

कोणता मार्ग चांगला, याचं सरसकट उत्तर नाही. पण दोन मार्ग अर्धे-अर्धे धरू नका, निदान केंद्रकापर्यंत तरी नको. दोन थायलॅकॉइड, एक रस्टिसायनिन, एक सल्फाइडचं प्रथिन अशी खिचडी केलेली पेशी कुठल्याच पॅचमध्ये पोटभर जेवत नाही आणि सगळ्या भागांचं भाडं मात्र भरते. ही खिचडीच मला मेलेल्या प्रजातींत सगळ्यात जास्त दिसते.

केंद्रकाच्या आधीची फेरी आणि नंतरची

समजा लोहाचा मार्ग धरला आहे. केंद्रकाआधीच्या फेऱ्यांत रस्टिसायनिन इतकं वाढवा की पट्टीत उत्पादन हलत्या पेशीच्या खर्चाच्या दुपटीच्या आसपास दिसेल. हा अतिरेक वाटेल, पण केंद्रक ती सगळी शिल्लक गिळणार आहे. ज्यांचा आत्ता उपयोग नाही असे भाग काढून टाका. विष बनवणारा भाग, जास्तीच्या कशाभिका, आणि नायट्रोजनेझ असेल तर तेही. नायट्रोजनेझ नायट्रोजनपासून अमोनिया बनवतं, सोयीचं आहे, पण त्यासाठी एटीपी जाळतं आणि या काळात ते परवडत नाही. शिकारी व्हायचं नसेल तर भिंतीचं आवरण घ्या. वेग कमी होईल, पण खड्याला चिकटून बसणाऱ्याला वेग कशाला हवा?

मग एक पूर्ण पिढी काहीही मोठं न करता खेळा. एटीपीची पट्टी भरलेली राहते का, किती वेळ उभं राहता येतं, अमोनिया-फॉस्फेट कुठे सापडतं, ते बघा. सहज निभावत असेल तरच पुढच्या फेरीत केंद्रक.

केंद्रकाच्या फेरीत उरलेल्या गुणांत नवा शोभेचा भाग घेऊ नका. त्या गुणांत आणखी एक पेशीद्रव्याचा षटकोन बसत असेल आणि पट्टी त्याने वर जात असेल तरच घ्या, नाहीतर गुण तसेच राहू द्या. एडिटरमध्ये भाग ठेवून पट्टी बघता येते, पटला नाही तर मागे घेता येतो. केंद्रक ठेवल्यावर उत्पादन हलत्या पेशीच्या खर्चाखाली गेलं आणि स्थिर पेशीच्या खर्चावर राहिलं, तरी चालेल. ती पिढी मुख्यतः उभ्याने काढायची आहे. स्थिर खर्चाच्याही खाली गेलं, तर बाहेर पडण्याआधीच केंद्रक मागे घ्या आणि एक फेरी थांबा.

बाहेर आल्यावर पळू नका. पेशी हलली की खर्च, थांबली की बचत. एटीपी भरू द्या, जवळच्या ढगाकडे जा, थांबा, पुन्हा भरू द्या. मोठ्या शिकाऱ्यापासून वाचायचं एवढंच काय ते धावणं. कंटाळवाणं आहे हे मान्य. पुनरुत्पादनाचं बटण पेटलं की ताबडतोब एडिटर, आणि ग्लुकोजची आवक असेल तर डोळे मिटून तंतुकणिका. मग पुढच्या फेरीत हवं तर दुसरी. तंतुकणिकेला ग्लुकोज लागतं, लोह नाही, हे लोहवाल्यांनी ध्यानात घ्यावं. त्यांच्याकडे ग्लुकोजची आवक नसेल तर तंतुकणिका नुसती बसून राहील. त्यांनी रस्टिसायनिन वाढवत राहावं किंवा मोठ्या आकाराचा फायदा घेऊन गिळायला सुरुवात करावी. लोहातून शिकारीकडे जाणारी वाट मला तरी या खेळातली सगळ्यात भक्कम वाटते: उभ्याने कमाई चालू, वरून शिकार मिळाली तर तंतुकणिकेला ग्लुकोज.

आपण जगतो पण लोकसंख्या घटते

हा वेगळा बिघाड आहे आणि तो खेळण्याच्या कौशल्याने सुटत नाही. आपण एकच पेशी चालवतो. बाकीच्या प्रजातीचं काय झालं हे एडिटरमध्ये जाताना चालणारी स्वयं-उत्क्रांती ठरवते. तिच्या हिशेबात तुमची चपळाई नाही. पॅचमध्ये ऊर्जा किती, ती वापरणाऱ्या प्रजाती किती आणि त्यांत तुमची पेशी किती काटकसरी, हे बघितलं जातं. तुम्ही शिताफीने ढग पकडत जगत असाल, पण प्रजाती म्हणून त्या पॅचमध्ये तुमच्याहून स्वस्तात तेच खाणारं कोणी असेल, तर आकडा खाली येणारच.

अहवालाच्या पानावर कोणत्या प्रजाती वाढल्या ते बघा. तुमच्याच मालावर जगणारी एखादी भराभर वाढत असेल, तर शेजारच्या पॅचमध्ये जा, जिथे तोच माल आहे आणि ती नाही. एडिटरमध्ये भाग बदलल्यावर स्वयं-उत्क्रांतीचं भाकीत दिसतं, त्यात लोकसंख्येचा अंदाज असतो. केंद्रक ठेवल्याबरोबर हा अंदाज कोसळला, तर एटीपीची पट्टी हिरवी असली तरी पॅच चुकीचा आहे. वर्तनाच्या पानावरचे आक्रमकता, भीती वगैरेंचे काटे संगणक चालवत असलेल्या तुमच्या भाईबंदांना लागू होतात. वनस्पतीसारख्या जगणाऱ्या प्रजातीची हालचालीची वृत्ती वर ठेवून काय मिळणार?

सेटिंगचा उपाय शेवटी. नवा खेळ सुरू करताना ऑस्मोरेग्युलेशनचा गुणक, मृत्यूची लोकसंख्येवरची शिक्षा, पाण्यातल्या संयुगांची घनता, ग्लुकोजची घट आणि गुणांच्या किमती, हे सगळं वेगवेगळं बदलता येतं. शिकताना फक्त मृत्यूची शिक्षा कमी करा आणि बाकी तसंच ठेवा. ऑस्मोरेग्युलेशन स्वस्त केलं तर आकार फुकट वाढवायची सवय लागते आणि मूळ पातळीवर परत आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

केंद्रक घ्यायलाच हवं असंही नाही. बहुपेशीय व्हायचं असेल तर ते लागतं, कारण पेशी एकमेकींना जोडणारा भाग केंद्रकाशिवाय उघडत नाही. पण एखाद्या पॅचमध्ये लोहावर जगणारा चिमुकला जिवाणू म्हणून अनेक पिढ्या सुखात काढता येतात आणि लोकसंख्या भरपूर वाढते. माल एकाच प्रकारचा आणि तोही बेताचा असलेल्या पॅचमध्ये तर मी तेच करेन, आणि केंद्रकासाठी दुसरा पॅच शोधेन.